बोरम्याची चूक, सोलणीची मजुरी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्त्री-पुरुषांच्या मजुरीतल्या तफावतीचा विषय निघाला की आपल्या किनारपट्टीवर एक उत्तर ठरलेले असते : गड्याचे काम जड, बाईचे हलके, आणि हलके काम बायकांनी आपणच निवडलेले. वेंगुर्ले, सावंतवाडी, कुडाळपासून वर राजापूर-लांजापर्यंतच्या काजू कारखान्यांत काम कसे वाटले जाते आणि पैसा कसा मोजला जातो, हे जवळून पाहिले तर हे उत्तर टिकत नाही. पत्र लांबले आहे, पण मजुरीचा हिशेब तपशील गाळून सांगता येत नाही.

आधी काम पाहू. वाळलेली काजू बी वाफेवर उकडतात, पुरती थंड करतात आणि मग फोडतात. टरफलातून निघालेला गर बोरम्यात, म्हणजे गरम हवेच्या भट्टीत, साधारण सत्तर अंशांवर सहा ते आठ तास राहतो, तेव्हा त्याची तांबडी साल सुटते. पुढे सोलणी, प्रतवारी आणि डबे भरणे. बॉयलर, उकडणी, बोरमा, पोत्यांची चढउतार आणि जिथे आले असेल तिथे स्वयंचलित कटिंग मशीन ही कामे बहुतेक पुरुषांकडे असतात. हात-पायाच्या मशीनवरची फोडणी, सोलणी आणि प्रतवारी बहुतेक बायकांकडे. पुरुषांना हजेरीवर किंवा महिन्यावर पगार मिळतो, बायकांना किलोवर. तफावतीचे मूळ या शेवटच्या वाक्यात आहे. दरफलकावर ‘पुरुष इतके, बाई इतके’ असे आता सहसा कुणी लिहीत नाही. पण हजेरी आणि किलो या दोन पद्धतींत जोखीम कुणाच्या अंगावर पडते, ते पाहावे.

बोरम्याचा विस्तव कमी पडला, ट्रे वेळेवर खालीवर केले नाहीत किंवा घाईत गर लवकर काढला, तर साल गराला चिकटून राहते. मग ती चिमटीने निघत नाही, सुरीने खरवडावी लागते. वेळ दुप्पट जातो आणि सुरीचा ओरखडा पडलेला गर प्रतवारीत खाली उतरतो. उलट बोरमा जास्त तापला तर गर कुडकुडीत होतो, बोटाखाली फुटतो, अख्ख्याची पाकळी आणि पाकळीची कणी होते. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. वाळलेला गर रात्रभर उघडा राहिला तर हवेतला दमटपणा ओढून घेतो आणि सकाळी साल पुन्हा चिकट होते. शिवाय स्थानिक बी संपली की आफ्रिकेतून आलेल्या मालावर कारखाने चालतात. त्यातली काही बी सोलायला चिवट असते, सोलणीचा दर मात्र तोच. यातले एकही कारण सोलणाऱ्या बाईच्या हातात नाही. तरी त्या दिवशी तिचे किलो कमी भरतात, तुकडा जास्त पडला म्हणून काही ठिकाणी तिचेच पैसे कापले जातात, आणि बोरम्यावरच्या माणसाची हजेरी पूर्ण लागते. त्याची हजेरी कापावी असे आमचे म्हणणे मुळीच नाही. भट्टीच्या चुकीचा खर्च किलोवर काम करणाऱ्या बाईने भरू नये, एवढेच म्हणणे आहे.

आता दर कसा ठरतो ते पाहू. पुढचे आकडे केवळ हिशेब समजावा म्हणून घेतले आहेत. समजा, त्या कामाचे दिवसाचे किमान वेतन ४८० रुपये आहे. कारखान्यातली सर्वांत चपळ बाई चांगल्या मालाच्या दिवशी १२ किलो सोलते. मालक ४८० ला १२ ने भागतो आणि किलोला ४० रुपये दर लावतो. कागदावर सगळे कायद्यात बसते. पण साधारण गतीच्या बाईचे किलो ८ भरतात, म्हणजे तिच्या हाती ३२० रुपये पडतात. रोज १६० रुपये कमी, आणि २६ दिवसांचे ४,१६० रुपये. बोरमा बिघडलेल्या दिवशी ५ किलो झाले तर २०० रुपयेच. हाच दर नीट काढायचा तर साधारण गतीच्या चार-पाच जणी घ्याव्यात आणि निदान सहा दिवस मोजावेत. त्यात एखादा वाईट मालाचा दिवस मुद्दाम धरावा. वजनाच्या रांगेत उभे राहणे, ट्रेची वाट पाहणे, शेवटी जागा झाडणे हा वेळ कामाच्या आठ तासांतच मोजावा आणि पाणी-लघवीच्या विश्रांतीलाही जागा ठेवावी. अशी सरासरी ८ किलो निघाली तर दर ६० रुपये होतो. चपळ बाईला त्यात जास्त मिळेल, आणि ते मिळायलाच हवे. किलोवर काम देण्याचा हेतूच तो आहे.

कायदाही इथे स्पष्ट आहे, पण तो कारखान्याच्या फाटकाच्या आत फारसा पोचलेला नाही. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि किमान वेतन सर्व रोजगारांना लागू झाले. ज्या कामाला तासा-दिवसाचे किमान वेतन ठरले आहे पण किलोचा किमान दर ठरलेला नाही, तिथे किलोवर काम करणाऱ्यालाही वेळेप्रमाणे होणाऱ्या किमान वेतनापेक्षा कमी देता येत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही ही तरतूद होतीच. म्हणजे ‘किलो कमी भरले’ हे ३२० रुपये देण्याचे कारण होऊ शकत नाही. दुसरी गोष्ट अशी की बाई कामावर आली, पण वीज गेली, बी आली नाही किंवा बोरमा रिकामा राहिला म्हणून काम मिळाले नाही, तर किमान वेतनावरच्या कामगाराला पूर्ण दिवसाचे वेतन मिळायला हवे. काम करण्याची तिची तयारीच नसेल तर गोष्ट वेगळी. दुपारी दोनला ‘आज माल नाही, घरी जा’ म्हणून अर्ध्या दिवसाच्या किलोंवर बोळवण करणे हा मालकाचा अधिकार नाही.

आता ‘हलके काम’ या शब्दाकडे येतो. प्रतवारीच्या टेबलावर बसलेली बाई काय करते? डब्ल्यू-२४० ही प्रत म्हणजे एका पौंडात, ४५४ ग्रॅममध्ये, २२० ते २४० गर. डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. भागाकार करून पाहा. पहिल्या प्रतीचा एक गर सुमारे दोन ग्रॅमचा, दुसरीचा सुमारे दीड ग्रॅमचा. डब्ल्यू-२१० आणि डब्ल्यू-२४० यांत तर फरक जेमतेम पाव ग्रॅमचा राहतो. ती बाई हा फरक काट्याविना, नजरेने आणि बोटांनी दिवसभर ओळखते. त्याच वेळी डाग, किडीचे भोक, करपलेली कड आणि सालीचा चिकटलेला कण वेगळा काढत असते. तिची नजर चुकली तर डबा परत येतो किंवा महागाची प्रत स्वस्तात जाते. मालकाचा नफा ज्या टेबलावर ठरतो, तिथल्या कामाला हलके म्हणायचे ते कशाच्या आधारावर?

फोडणीचेही तसेच. टरफलातले तेल कातडी जाळते. बायका हाताला राख किंवा तेल चोळून बसतात. हातमोजे दिले तरी ते घालून बोटांची पकड जाते, किलो कमी होतात, म्हणून ते काढून ठेवले जातात. किलोचा दर नीट नसला की सुरक्षितता कशी मोडीत निघते, याचे हे उदाहरण आहे. पोते उचलणारा गडी घाम गाळतो हे खरे, पण पोती गाडी आली की उतरतात. आठ तास मान वाकवून, एकाच बैठकीत, डोळे ताणून बसणे रोज असते. एकाची ताकद दिसते म्हणून ती मोजली जाते, दुसरीची झीज दिसत नाही म्हणून ती सोडून दिली जाते.

समान वेतनाचे तत्त्व राज्यघटनेच्या ३९व्या अनुच्छेदात आहे, त्यासाठी १९७६ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आणि आता वेतन संहितेत ते आले आहे. ‘समान किंवा समान स्वरूपाचे काम’ याची व्याख्या त्यात कौशल्य, श्रम, अनुभव आणि जबाबदारी या चार गोष्टींवर केली आहे, आणि कामाची परिस्थिती सारखी हवी असे म्हटले आहे. या चार बाबतींतला फरक व्यवहारात महत्त्वाचा नसेल तर काम समानच मानायचे. दर समान करायचा म्हणून कुणाचा वाढीव दर खाली आणता येत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. कामाचे नाव बदलून यातून सुटता येत नाही. मॅकिनन मॅकेंझी विरुद्ध ऑड्रे डिकॉस्टा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये ते सांगून ठेवले आहे. तिथे वरिष्ठ अधिकाऱ्यांकडच्या लघुलेखिकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगार होता. त्यांचा वर्ग वेगळा आहे, युनियनशी करार झाला आहे, कंपनीची स्थिती बेताची आहे, असे सांगितले गेले. न्यायालयाने ते मानले नाही. समान पगार देण्याची ऐपत नाही ही सबब या कायद्यापुढे चालत नाही, असे या निकालात म्हटले आहे.

मात्र एक खरी अडचण मान्य केली पाहिजे. बोरमा आणि प्रतवारी ही कामे ‘समान स्वरूपाची’ आहेत असे सिद्ध करणे अवघड आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९५१ च्या १००व्या करारात शब्द ‘समान मूल्याचे काम’ असे आहेत आणि भारताने तो करार १९५८ मध्ये मान्य केला आहे. आपल्या कायद्याची भाषा त्याहून अरुंद आहे. म्हणून कारखान्यातच कामांचे मूल्यमापन करून घेणे हा चांगला रस्ता. मालक, सुपरवायझर, दोन पुरुष आणि दोन स्त्री कामगार एकत्र बसावेत. प्रत्येक कामाला कौशल्य, श्रम, जबाबदारी आणि परिस्थिती या चार खान्यांत गुण द्यावेत. कोणत्या खान्याला किती वजन, हे गुण देण्याआधी ठरवावे. नंतर ठरवले तर जुनाच क्रम गुणांच्या रूपात परत येतो. श्रमाच्या खान्यात उचललेल्या वजनाबरोबर डोळ्यांचा ताण आणि अवघडलेली बैठक धरावी. जबाबदारीत यंत्राबरोबर मालाची प्रत धरावी. परिस्थितीत भट्टीच्या झळेबरोबर तेलाने सोललेली बोटेही धरावीत. हे केल्यावर प्रतवारीचे काम ‘अकुशल’ रकान्यात ठेवणे कुणालाही जमणार नाही. आणि मजुरीच्या तक्त्यात अकुशल, अर्धकुशल, कुशल या रकान्यांवरच सगळा पैसा ठरतो.

काजूपुरतेच हे नाही. हापूसच्या हंगामात झेल्याने, म्हणजे काठीला बांधलेल्या जाळीने, आंबा उतरवणारा गडी आणि आंबा हातात घेऊन तयारी, डाग, वजन पाहून पाच डझनी की सहा डझनी पेटी हे ठरवणारी बाई, यांच्या रोजातला फरक बागायतदारांना नैसर्गिक वाटतो. मासळी प्रक्रियेत कोळंबी सोलणी किलोवर चालते, तीही बर्फात बोटे बधिर होईपर्यंत. आणि १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते तेव्हा किलोही नाही आणि रोजही नाही. भातशेतीत पॉवर टिलर आला, चिखलणी तासावर भाड्याने होऊ लागली आणि ती चालवणाऱ्याचा दर चढला. तरवा, म्हणजे भाताची रोपे, काढणे आणि लावणी मात्र वाकूनच राहिली, तिचा दरही वाकलेलाच. यंत्र येते ते पुरुषाच्या हातात येते आणि सोबत त्याचा दर आणते, हे गेल्या काही वर्षांत सगळीकडे दिसते.

मग निवडीचे काय? दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पुढे असतो आणि मुलींचे उत्तीर्णांचे प्रमाण मुलांपेक्षा जास्त असते. या मुलींना बोरम्याचे तापमान किंवा बॉयलरचा दाब वाचता येणार नाही, असे कोण म्हणेल? बॉयलर अटेंडंटच्या परवान्यासाठी परीक्षेबरोबर बॉयलरवर काम केल्याचा अनुभव लागतो. मुलीला बॉयलरजवळ उभेच केले नाही तर अनुभव कुठून येणार? अनुभव नाही म्हणून परवाना नाही, आणि परवाना नाही म्हणून सोलणी. याला निवड म्हणणे आम्हाला पटत नाही. आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन, डिझेल मेकॅनिक या ट्रेडना मुली कमी जातात, त्यामागेही घरचा आणि गावातल्या वर्कशॉपचा हिशेब असतो : शिकली तरी ठेवणार कोण? आणि दुसरी पाळी रात्री सुटते तेव्हा गावाकडे जाणारी शेवटची एसटी निघून गेलेली असते. संध्याकाळच्या एका फेरीची वेळ कारखान्याच्या वेळेशी जुळवली तर किती मुली मशीनवर येतील, हे आगारप्रमुखांनी आणि कारखानदारांनी एकत्र बसून पाहण्यासारखे आहे. ताकदीचा प्रश्न तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत निकालात निघाला आहे. तिथे बचत गटाच्या बायका स्वतः होड्या वल्हवून पर्यटकांना कांदळवन दाखवतात.

२०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी अभ्यासल्या. आज तिथली तफावत बरीचशी एकाच व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांमध्ये आहे आणि ती पहिल्या मुलाच्या जन्मानंतर वाढते, असे त्यांना दिसले. आपल्याकडे एकाच छपराखाली कामेच वेगळी वाटून दिलेली असल्याने तफावत मुलाच्या आधीच सुरू होते. बाळंतपणानंतर ती पक्की होते एवढेच. प्रसूतिलाभ मिळण्यासाठी आधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेले लागते आणि रक्कम आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरी रोजावर निघते. जिची नोंद फक्त किलोंच्या वहीत आहे, तिचे ८० दिवस कोण मोजणार? काही ठिकाणी गर घरी सोलायला दिला जातो. तिथे तर दिवसही नाही, वहीही नाही. पाळणाघराची सक्ती ५० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेला आहे. आपले बहुतेक कारखाने त्याहून लहान आहेत. पण एकाच औद्योगिक वसाहतीतल्या पाच-सहा कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवणे अशक्य नाही. जाता जाता, अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्या मोबदल्याला सरकार स्वतःच ‘मानधन’ म्हणते. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले. सरकारच्या दारात शब्दांचा हा खेळ चालत असेल तर कारखानदाराला दोष देताना आवाज खाली येतो.

लहान कारखानदाराची बाजूही खरी आहे. बीचा भाव आणि गराचा भाव यांच्यामध्ये तो चेपला जातो, आणि सोलणीचा दर एकट्यानेच वाढवला तर शेजारच्या कारखान्यापुढे त्याचा माल महाग पडतो. म्हणून दर तालुक्यातल्या कारखानदारांनी मिळून ठरवावा. पण बोरमा नीट चालवणे, ट्रेवर तारीख-वेळ लिहिणे आणि चिकट मालाच्या ट्रेला वेगळा दर किंवा त्या दिवसापुरती हजेरी लावणे याला भांडवल लागत नाही. ट्रेवर चिठ्ठी असेल तर चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते कळते, आणि तुकडाही कमी होतो. त्यात मालकाचाच फायदा आहे.

काम करणाऱ्या भगिनींना एक सांगणे. एक साधी वही ठेवा. रोजची तारीख, आल्याची आणि सुटल्याची वेळ, किलो, दर, कापलेले पैसे, बसून राहिलेला वेळ, त्याचे कारण आणि माल कसा होता, एवढे लिहा. महिन्याच्या शेवटी मिळालेली रक्कम एकूण तासांनी भागा आणि आठने गुणा, म्हणजे खरा रोज कळेल. वेतनचिठ्ठी मागा, ती देणे मालकाचे कर्तव्य आहे. कमी वेतनाचा दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो, आणि पैसे पूर्ण दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. एकटीने जाण्यापेक्षा एका टेबलावरच्या पाच-सहा जणींनी आपापल्या वह्या घेऊन कामगार अधिकाऱ्यांकडे जावे. सगळ्यांच्या वहीत एकाच तारखेला किलो खाली आलेले दिसले की दोष हाताचा नाही, भट्टीचा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आपल्याकडे एक विनंती आहे. किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईचा भाग, दर सहा महिन्यांनी बदलतो, पण ती अधिसूचना वाडीपर्यंत पोचत नाही. आपल्या जिल्हा पानावर वर्षातून दोनदा, नवे दर आले की, अकुशल, अर्धकुशल आणि कुशल असे तिन्ही रकाने आपला जिल्हा किमान वेतनाच्या ज्या परिमंडळात (विभागात) येतो त्याप्रमाणे, महिन्याचे आणि रोजाचे मिळून, ठळक चौकटीत छापावेत. बाजारभाव आणि भरती-ओहोटीच्या वेळा आपण छापता, त्याच्या शेजारी ही चौकट बसेल. सोलणीच्या टेबलावर ती कात्रण करून चिकटवण्याची व्यवस्था आम्ही करू.

आपले,
काजू, आंबा व मासळी प्रक्रियेतील मजुरीचे हिशेब पाहणारे काही वाचक,
सिंधुदुर्ग